नाव सांग, मग झोप

वॉर्डातल्या पोरांनी ताईचं नाव ठेवलंय 'झोपमोड'. तोंडावर मॅडम, पाठ वळली की झोपमोड. तिला ते ठाऊक आहे. निवासी डॉक्टरांची कुजबुज ती काय, दमलेल्या माणसाला आवाज खाली घ्यायचंही भान राहत नाही.

पोरांचं तरी काय चुकतं म्हणा. दुपारची ओपीडी उरकते, वॉर्डातली धावपळ जरा ओसरते, आणि कोणीतरी ड्यूटी रूममधल्या त्या लांबलचक टेबलावर डोकं टाकून पडतं. आदल्या दिवसापासून उभं असलेलं लेकरू असतं ते. डोळा लागतो न लागतो तोच दार करकरतं, मॅडम आत येतात आणि खांदा धरून सरळ गदागदा हलवतात.

"ए, ऊठ. नाव सांग."

"अं?"

"तुझं नाव. पूर्ण सांग."

पोरगं डोळे चोळत, दातओठ खात पूर्ण नाव सांगतं. मग मॅडम म्हणतात, "हां. झोप आता," आणि दार हळूच ओढून घेऊन निघून जातात. आता कुठली झोप यायला! एकदा एकानं वैतागून ऐकवलंच, "मॅडम, जिवंत आहे हो मी!" त्यावर म्हणाल्या, "ते मी ठरवते. तू नाव सांग."

असली माणसं विक्षिप्त म्हणून सोडून द्यायची असतात, आणि तसं सगळ्यांनी सोडून दिलंही आहे. पण याच बाईनं एके काळी याच खोलीत असा नियम केला होता, की झोपलेल्या माणसाला कोणीही, कशासाठीही उठवायचं नाही. आजच्या पोरांना हे सांगितलं तर हसून हसून लोळतील. म्हणून कोणी सांगायला जात नाही.

ती स्वतः निवासी डॉक्टर म्हणून इथं आली तेव्हाचे सिनिअर म्हणजे खाष्ट सासवा. आम्ही सोसलं, आता तुम्ही सोसा, एवढाच काय तो अभ्यासक्रम. पहिल्याच वर्षी एका दुपारी ती याच टेबलावर पेंगली, तर सिनिअरनं पेलाभर पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. खोलीतले सगळे फिदीफिदी हसले. ती तशीच ओल्या केसांनी ताडकन उठून वॉर्डात गेली, एका बाईचं रक्त काढलं आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवली शेजारच्या बाईची. नशीब, सिस्टरनं वेळीच पाहिलं. वर बोलणी कोणाला बसली? तिलाच. पाणी ओतणारा नामानिराळा राहिला. त्या दिवशी बाथरूमचा नळ सोडून ती हमसाहमशी रडली आणि मनाशी खूणगाठ बांधली, माझ्या हातात येऊ दे, या खोलीत कोणाच्या झोपेला हात लावू देणार नाही.

आणि दिलेल्या शब्दाला जागली हो. सिनिअर झाली त्या आठवड्यातच नियम केला. कोणी झोपलं, की खोलीतला आवाज खाली. त्याच्या खांद्यावर कोणाचा तरी अ‍ॅप्रन. त्याचा फोन बंद करून बाजूला. त्याच्या वाटचे पेशंट जो जागा असेल तो बघणार, आणि जागा झाल्यावर उपकार दाखवायचे नाहीत. चहा आला तर त्याच्या कपावर बशी झाकून ठेवायची. सुरुवातीला बाकीच्या सिनिअरांनी नाकं मुरडली, "लाडावून ठेवशील पोरांना." ही म्हणाली, "लाडानं कोणी मेल्याचं ऐकलंय का?"

त्या वाक्याची आठवण पुढे तिला जन्मभर पुरली.

पण तेव्हा खोली बदलली, हे खोटं नाही. जिथं पूर्वी माणसं एकमेकांच्या चुका टिपायला बसायची, तिथं चपलांची अदलाबदल व्हायला लागली, एकाचा डबा पाचजण खायला लागले. पहिल्यांदा पेशंट दगावला की ज्युनिअर जिन्याखाली जाऊन रडायचा, तो आता खोलीत येऊन रडायला लागला. सोडून चाललेली एक मुलगी बांधलेली बॅग पुन्हा उघडून राहिली. दुसऱ्या विभागातली पोरं हेव्यानं म्हणायची, "तुमचं काय बाबा, तुम्हाला ताई आहे." तेव्हापासून ती सगळ्यांची ताई झाली, वयानं मोठ्या असलेल्यांचीसुद्धा.

आणि त्यातच होता पेंगुळ्या. सडपातळ, हसरा, पहिल्या वर्षाचा. कुठेही पेंगायचा म्हणून हे नाव. भिंतीला टेकला की पेंगला, लिफ्टमध्ये शिरला की पेंगला. त्याच्या अ‍ॅप्रनच्या खिशात कायम लिंबाच्या आंबटगोड गोळ्या असायच्या. रडणाऱ्या पोराला एक, कावलेल्या सिस्टरला एक, ताईला दोन. सगळे म्हणायचे, डॉक्टर कसला, खाऊवाला आहे हा. त्या गोळ्या कशासाठी असतात हे मात्र कोणी विचारलं नाही.

ताईला ते अचानक कळलं. चादरींच्या खोलीत ती काही शोधायला गेली, तर हा कपाटाआड उभा राहून पोटात सुई टोचून घेत होता. दोघंही दचकले.

"इन्सुलिन?" तिनं विचारलं.

"शाळेत होतो तेव्हापासून," तो म्हणाला. "ताई, पाया पडतो, कोणाला सांगू नका. सर म्हणतील, ज्याला स्वतःची साखर सांभाळता येत नाही तो पेशंट काय सांभाळणार."

"सर काही म्हणणार नाहीत."

"ताई, म्हणतील. तुम्हालाही माहितीय."

माहीत होतंच. तिनं शब्द दिला. वर त्याला दटावलं, की सुई घेतल्यावर जेवायला उशीर करायचा नाही, काही वाटलं की तडक माझ्याकडे यायचं. तो म्हणाला, "ते बघायला आई आहे की. रोज दुपारी फोन करते, जेवलास का म्हणून. उचलला नाही तर आकांत." आणि हसून तिच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या.

पुढे ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी सकाळी ताईनं विद्यार्थ्यांचा तास घेतला होता. विषय, बेशुद्ध पेशंट. खणखणीत आवाजात तिनं सांगितलं होतं, "मधुमेहाचा माणूस आणि अंगाला दरदरून घाम, तर दुसरं काही सुचायच्या आत साखर बघा. हे ज्याला कळत नाही त्यानं डॉक्टरकीचं नाव काढू नये."

दुपारी पेंगुळ्यानं सुई घेतली आणि जेवायला निघाला. एवढ्यात अपघाताचे पेशंट आले. तो थांबला. असा थांबणाराच होता तो. काम आवरून ड्यूटी रूममध्ये आला आणि टेबलावर डोकं टाकलं. झालं, पेंगुळ्या पेंगला! त्यात नवल ते काय? कोणीतरी त्याच्या खांद्यावर अ‍ॅप्रन टाकला. कोणीतरी त्याचे पेशंट बघायला गेलं. सगळे चवड्यांवर चालायला लागले.

ताई आत आली तेव्हा त्याची मान घामानं निथळत होती. कॉलर चिंब झालेली. तिनं पाहिलं. नीट पाहिलं. आणि तिच्या मनात काय आलं? उकडतंय बिचाऱ्याला. तिनं त्याच्या अंगावरचा अ‍ॅप्रन काढला, कोपऱ्यातला पंखा ओढून त्याच्याकडे वळवला. तेवढ्यात त्याच्या हाताशी पडलेला फोन वाजायला लागला. 'आई'. झोप मोडेल म्हणून तिनं झटकन आवाज बंद केला आणि फोन पालथा घातला. जाताना दार हळूच ओढून घेतलं. आपलं माणूस निवांत झोपलंय याचं तिला केवढं समाधान वाटलं होतं!

डॉक्टरांनी भरलेली खोली. दुपारभर माणसं येत होती, जात होती, त्याच्याकडे मायेनं बघत होती. रस्त्यावर असा पडला असता तर कोणीतरी तोंडावर पाणी मारलं असतं हो.

दिवेलागणीला सिस्टर चहा घेऊन आली. कपावर बशी झाकून ठेवताना तिचा हात त्याच्या हाताला लागला आणि ती किंचाळली. मग जे व्हायचं ते सगळं झालं. साखर इतकी उतरली होती, की यंत्रात आकडासुद्धा उमटेना. शिरेतून ग्लुकोज गेलं, नळ्या लागल्या, मोठे सर घरून धावत आले. खिसे चाचपले, तर एकही गोळी नव्हती, सगळ्या वाटून झाल्या होत्या. अतिदक्षता विभागात पुढचे काही दिवस अख्ख्या खोलीनं आळीपाळीनं त्याच्या उशाशी जागून काढले. पेंगुळ्या उठला नाही.

सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. "आपल्याला माहीतच नव्हतं रे," असं एकमेकांना सांगत रडले. त्यांना त्या वाक्याचा आधार होता. ताईला तो नव्हता. तिला माहीत होतं. या खोलीत कोणी एकट्यानं रडायचं नाही असं जिनं शिकवलं, ती पुन्हा बाथरूमचा नळ सोडून रडायला लागली.

त्याची आई ठेंगणी, कमी बोलणारी बाई. सगळं आटोपल्यावर ती ताईला शोधत आली आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"तूच ना ती ताई? फोनवर सारखं तुझंच कौतुक. म्हणायचा, आई, इथं झोपलं की कोणी उठवत नाही, वर पांघरूण घालतात." तिनं ताईचे हात आणखी घट्ट धरले. "दुखणं त्यानंच लपवलं, त्याला तुम्ही काय करणार? पण तुम्ही त्याला सुखानं झोपू दिलंत. माझं पोर झोपेत गेलं. एवढं एक समाधान आहे बघ मला. तुझं भलं होईल, पोरी."

 खरं सांगून टाकायची वेळ तीच होती. पण समोर आई उभी, आणि तिच्या ओंजळीत एवढंच उरलेलं. ते हिसकून घ्यायचं कसं?

पुढे आईचे फोन यायला लागले. दुपारीच. "जेवलीस का गं? या वेळेला हात आपोआप फोनकडे जातो, मग तुलाच लावते." ताई "जेवले" म्हणायची आणि पुढ्यातलं ताट सरकवून द्यायची. परीक्षा झाली, ती तिथंच शिकवायला लागली, तरी फोन येतच राहिले. माया करणारं माणूस असं छळू शकतं, हे ज्याचं त्यालाच कळतं.

मग मोठे सर निवृत्त झाले आणि नवे सर आले, उत्साही. निवासी डॉक्टरांच्या कल्याणाची समिती निघाली. फुगे लागले. हसण्याचा वर्ग सुरू झाला, तोही नेमका जेवणाच्या सुट्टीत आणि हजेरी सक्तीची. पोरं उपाशीपोटी हा हा, हो हो करायची. पण होऽ, एक काम सरांनी खरंच चांगलं केलं. जुनी सामानाची खोली रिकामी करून तिथं विश्रांतीची खोली केली. रांगेनं खाटा, स्वच्छ चादरी, जाड पडदे. खोलीला नाव कोणाचं? पेंगुळ्याचं, म्हणजे त्याचं खरं नाव.

सरांनी ताईला हौसेनं पाटी दाखवायला नेलं. वर त्याचं नाव, आणि खाली ठसठशीत अक्षरांत, 'येथे झोपलेल्यांना कृपया उठवू नये.'

"तुमचाच नियम ना हा?" सर म्हणाले. "त्यांच्या आईंनी सुचवला. उद्घाटनाला त्याच येणार आहेत."

ताईनं पाटी पुन्हा वाचली. बंद दार, जाड पडदे, ओळीनं खाटा आणि वर हा हुकूम. अंगातली दुखणी लपवणारी पोरं तर दर वर्षी दोनचार येतातच. पुढचा पेंगुळ्या या पांढऱ्याशुभ्र चादरीवर पडेल आणि सगळे पाटी वाचून चवड्यांवर चालतील. पाटी राहू द्यायची तर तोंड बंद ठेवायचं. पाटी काढायची तर त्या माउलीकडे जे एकच समाधान शिल्लक आहे ते आपल्या हातानं काढून घ्यायचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तिनंच खणलेले.

उद्घाटनाच्या दिवशी आई वेळेच्या आधीच आली. नवी साडी नेसून नव्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. भिंतींना ओल्या रंगाचा वास होता. ताई तिच्या शेजारी जाऊन बसली. आईनं नेहमीचं विचारलं, "जेवलीस का?"

"आई, मला काही सांगायचंय," ताई म्हणाली. आणि सांगितलं. सगळं. सुई माहीत होती ते. घाम दिसला होता ते. पंखा. "आणि तुमचा फोन वाजला होता. तो मीच बंद केला."

आईनं समोरच्या भिंतीकडे तोंड वळवलं. बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि तेच ताईला सोसवेना.

"शाळेत होता तेव्हापासून मी रोज त्याला झोपेतून उठवायची," ती म्हणाली. "हलवायची आणि म्हणायची, नाव सांग. नीट सांगितलं की समजायचं, ठीक आहे. अडखळला की तोंडात साखर. चिडायचा. म्हणायचा, आई, मेलो नाही मी. तरी उठवायची. एक दिवस चुकवला नाही." मग तिनं पदराची कडा चिमटीत धरली. "इकडे धाडला तेव्हा म्हटलं, आता सगळे डॉक्टरच आहेत त्याच्याभोवती. आता आपण झोपायला हरकत नाही. त्या दिवसापासून मी गाढ झोपायला लागले होते हो."

ताई तिच्या पायाशी वाकली. आईनं पाय मागे घेतले.

सर हारतुरे घेऊन आले. आई उठली, पाटीवरचा पडदा बाजूला केला, टाळ्या झाल्या. ती पाटी वाचत उभी राहिली. मग म्हणाली, "नाव राहू द्या. खालची ओळ पुसा."

"अहो, पण आई, तुम्हीच तर..."

"मीच सांगितली होती. आता मीच सांगते, पुसा."

आणि कोणाकडेही न बघता चालती झाली. ताई फाटकापर्यंत तिच्या मागे गेली. तिनं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईनं सरांना सगळं सांगितलं. ते स्वतः ब्रश घेऊन उठले. ओळ पुसली गेली, पण घाईत पुसलेली, त्यामुळे अजून उजेडात अक्षरं दिसतात. त्या दुपारपासून ताई झोपमोड झाली. ड्यूटी रूम असो की ती नवी खोली, झोपलेल्या प्रत्येकाचा खांदा धरते, नाव विचारते. कोणाला कारण सांगत नाही. दर वर्षी नवी पोरं येतात, नव्यानं चिडतात, तीच जुनी टोपणनावं पुन्हा शोधून काढतात. पण एक सांगायला हवं. हळूहळू तिच्याकडे माणसं येऊन बसायला लागली. कोणाला फिट येते, कोणी रोज गोळी घेतो, कोणाला जगावंसंच वाटत नाही. येतात, दार लावतात, सांगतात. का सांगतात कोण जाणे. रोज नाव विचारणाऱ्या माणसाला बाकीचंही सांगावंसं वाटत असेल.

आईचा फोन मात्र बंद झाला तो झालाच. दुपार झाली की ताईचं लक्ष टेबलावरच्या फोनकडे जायचं. आधी त्या फोनच्या भीतीनं जेवण जात नसे, आता तो येत नाही म्हणून जाईना. आपण होऊन लावायची छाती झाली नाही. पुसून टाकलं असेल आपल्याला, पुसण्यासारखंच केलंय, असं म्हणून तिनं वर्षं काढली. केस पांढरे झाले.

आणि परवा, दुपारच्याच वेळेला, फोन वाजला. पडद्यावर जुनंच नाव, 'पेंगुळ्याची आई'. ताईनं तो उचलला.  पलीकडून थकलेला, पार म्हातारा झालेला आवाज.

"तिकडचं एक पोर भेटलं. आमच्या इथं नवा डॉक्टर आलाय. सांगत होता, तिथं एक मॅडम होत्या, झोपू द्यायच्या नाहीत, हलवून नाव विचारायच्या."

ताईला हुंदका आवरेना.

"रडू नकोस," आई म्हणाली. "मी काही तुला माफ करायला फोन केलेला नाही. ते मला नाही जमायचं."

"नका करू, आई."



"आज उठवलंस का सगळ्यांना?"

"उठवलं."

"उठले?"

ताईनं दाराच्या फटीतून पलीकडे पाहिलं. टेबलाशी एक पोरगं डोळे चोळत, तिच्या नावानं बोटं मोडत बसलं होतं.

"उठले, आई. सगळे उठले."

"बरं," आई म्हणाली. "उद्या करते."